बाहेरची कडी

सुरक्षित गृह, नांदेड
८ जुलै २०१२, रविवार

अक्का,

तुला पत्र लिहायची मला इच्छा नव्हती. धम्मप्रिया मॅडम म्हणाल्या, इच्छा नसली तरी लिही, टपालात टाकायचं की नाही ते मागाहून ठरवू. मॅडम इथं समुपदेशक आहेत. म्हणजे आम्हा पोरांशी बोलणं हेच त्यांचं काम. दहा महिन्यांत मी त्यांच्याशी 'बरं आहे', 'जेवलो', 'झोपलो' यापलीकडे बोललो नाही. परवा त्यांनी विचारलं, "तुला सगळ्यात जास्त राग कुणाचा येतो?" माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्काचा."

"मग तिलाच लिही की," म्हणाल्या.

म्हणून लिहितोय. तू पोलिसांना फोन केलास. लातूरहून निघून, उदगीर, देगलूर अशा गाड्या बदलत मी तुझ्या सासरी बिलोलीला आलो होतो. दुसरीकडं कुठं जावं हे मला सुचलंच नाही. तू हातपाय धुवायला पाणी दिलंस, ताट वाढलंस, दोन प्रश्न विचारलेस. मी पहिला घास मोडला तेवढ्यात तू आतल्या खोलीत गेलीस. तुझा आवाज मला ऐकू येत होता. अर्ध्या तासात जीप आली. तू दारात उभी होतीस, पदर तोंडाला लावून. माझ्याकडं बघितलंही नाहीस.

अव्वा शेतात राबायची तेव्हा मला तू कडेवर घेऊन फिरायचीस. लोक तुला 'आठ वर्षांची आई' म्हणायचे. त्या अक्कानं मला धरून दिलं. एवढंच लिहायचं होतं.

मन्मथ


१९ ऑगस्ट २०१२

अक्का,

मागचं पत्र मी टाकलं. तुझं उत्तर आलं नाही. दाजींच्या हाती पडलं असेल, किंवा तूच फाडलं असशील.

इथं आम्ही एकोणीस जण आहोत. सगळे मोठ्या गुन्ह्यातले. भिंत उंच आहे, पण तिच्यापलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीचा आवाज येतो. गिअर टाकल्यावर ती कशी कण्हते ते ऐकून गाडी नवी की जुनी हे मी सांगू शकतो. सकाळी शाळा, दुपारी सुतारकाम. दर गुरुवारी डॉक्टर येतात. मनाचे डॉक्टर. पोरं त्यांना 'डोक्याचे' म्हणतात.

त्यांनी मला झोपेची वही ठेवायला लावली आहे. कधी पडलो, कधी उठलो, काय स्वप्न पडलं. आधी दोन गोळ्या होत्या, आता एक आहे. आता पाच तास झोप लागते. लातूरला शेवटच्या महिन्यात दीड तास लागायची, तेही मला डॉक्टरांनी विचारल्यावर कळलं. मी त्यांना सांगितलं, की दर रविवारच्या परीक्षेनंतर फळ्यावर यादी लागायची. दहावीला मी तालुक्यात पहिला, आणि लातूरच्या शिकवणीत पहिल्या तुकडीतून दुसरीत, दुसरीतून चौथीत गेलो. चौथीला शिकवायला सरही वेगळे असायचे, पंखाही बंद असायचा. अव्वाला फोनवर 'पहिल्या तुकडीत आहे' असंच सांगत होतो. मग मला वाटायला लागलं की होस्टेलच्या खोलीतला नरसिंग माझ्या वह्या लपवतो. सगळे माझ्याकडं बघून हसतात.

डॉक्टर म्हणाले, "हा आजार होता. तेव्हाच कुणी दवाखान्यात आणायला पाहिजे होतं."

मला एकदम हलकं वाटलं. मी विचारलं, "म्हणजे ते आजारानं केलं, मी नाही?"

ते चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, "झोप न येणं आजार होता. सगळे हसतात असं वाटणं आजार होता. त्याच्या पुढचं आपण अजून बोललो कुठं?"

मी म्हणालो, बोललो की. भांडण झालं, मी मारलं, घाबरून पळालो. जबाबात आहे सगळं.

अव्वा दोन महिन्यांतून एकदा येते. शेंगाची पोळी आणते, ती आधी हवालदार मोडून बघतो. अर्धा तास समोर बसते. "जेवतोस का?" विचारते, "हाव" म्हणालो की पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहते. उठताना तुझ्याबद्दल म्हणते, "सिंधुला बरं हाय." बरं हाय की नाही ते तिलाही माहीत नसतं. तू तिच्याकडंही जात नाहीस म्हणे. का?

मन्मथ


३० सप्टेंबर २०१२

अक्का,

आज तारीख बघून तुझी आठवण आली. आज गावात सगळे स्मारकाजवळ जमले असतील. एकोणीस वर्षं झाली. मी तेव्हा अव्वाच्या पोटात होतो, त्यामुळं मला भूकंप म्हणजे पत्र्याचं शेड एवढंच माहीत. पण लातूरच्या खोलीत मला जमीन हलल्यासारखी वाटायची. मी खाट सोडून दाराशी झोपायचो. नरसिंग हसायचा नाही. आता आठवून बघतो तर एकदाही हसला नव्हता. उलट उशी आणून माझ्या डोक्याखाली द्यायचा.

तो उमरीचा. त्याचे वडील शेषेराव तिथं शाळेत शिपाई आहेत. आईनं दिलेले धपाटे तो वर्तमानपत्रात गुंडाळून निम्मे माझ्या कपाटात ठेवायचा.

त्या रविवारी परीक्षेहून आलो तेव्हा मला कळलं, की त्यानं अव्वाला फोन केला होता. "काकू, मन्मथला घरी घेऊन जा, त्याला झोप न्हाई, तो आजारी हाय, आणि तुकडीचं तो खोटं सांगून राहिला." मला तेव्हा फक्त शेवटचं ऐकू आलं.

मंगळवारी आमचा गट बसतो. सात पोरं आणि मॅडम, गोल करून. ज्याला सांगायचं तो सांगतो. माझी पाळी आली. मी नेहमीसारखंच सांगितलं. भांडण झालं, स्टंप हाताला लागला, तो पडला, मी पळालो. गटात अरीब नावाचा एक लातूरचा मुलगा नवीन आला आहे. तो म्हणाला, "दरवाजा खुला था तो वो बाहर कायको नै आया? हाक तरी मारली असती की."

मी गप्प. मग तोच म्हणाला, "मला मालूम हाय ही केस. खाजाचाचा आमच्या गल्लीतले. तुमच्या होस्टेलचे वॉचमन. कडी त्यांनी लावली म्हणून त्यांच्यावर केस चालू हाय. नोकरी गेली. साठ-बासष्ट वर्षांचा माणूस, दर तारखेला कोर्टात उभा राहतो."

मॅडम माझ्याकडं बघत होत्या.

खाजामियाँना रिकाम्या खोल्यांना बाहेरून कडी लावायची सवय होती, माकडं शिरतात म्हणून. आम्ही त्यांना चिडवायचो, की चाचा, आम्हाला आत कोंडाल एक दिवस.

मी का गप्प बसलो ते तुला माहीत आहे, अक्का. जगात मी आणि तू, दोघांनाच माहीत आहे.

मन्मथ


११ नोव्हेंबर २०१२

अक्का,

कडी मी लावली.

मॅडमना काल सांगितलं. डॉक्टरांना गुरुवारी सांगीन. पण आधी जसं घडलं तसं तुला लिहितो, कारण त्या दिवशी तुला मी अर्धंच सांगितलं होतं.

एक वाजला असेल. बाकी पोरं मेसला गेली होती. मी स्टंपनं मारलं. तो खाटेच्या कोपऱ्यावर आपटून खाली पडला. कानातून रक्त यायला लागलं. तो मेला नव्हता. डोळे उघडे होते. तो म्हणाला, "मन्मथ, पाणी दे ना." राग नव्हता त्याच्या आवाजात. रोज मागायचा तसं मागितलं. माठ माझ्याच हाताशी होता.

मी पाणी दिलं नाही. मी चपला घातल्या, बाहेर आलो, दार ओढलं आणि कडी लावली. तेव्हा जमीन हलत नव्हती. कुणी हसत नव्हतं. माझं डोकं एकदम शांत होतं, आणि त्या डोक्यात एकच होतं, की कुणाला लवकर कळायला नको. मग मी स्टँडवर जाऊन उदगीरची गाडी पकडली. गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली, आणि मला झोप लागली, अक्का. कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

डॉक्टर म्हणतात 'पुढचं अजून बोललो कुठं', ते हेच असावं. मारलं तेव्हा मी आजारी होतो असं म्हणता येईल. कडी लावताना काय होतो?

मॅडमनी सगळं ऐकलं. त्यांचा चहा तसाच साय धरून गार झाला. मी म्हणालो, "मॅडम, आता तुम्ही माझ्याशी बोलणार नाही ना?" त्या म्हणाल्या, "मंगळवारी चार वाजता आपली वेळ आहे. चार म्हणजे चार, उशीर करू नकोस."

तुझ्या घरी तू विचारलंस, "तो पोरगा कुठंय?" मी म्हणालो, "खोलीत." तू विचारलंस, "दार?" मी म्हणालो, "कडी लावली." मग तू आत जाऊन फोन केलास. पण पोलिसांना दिलेल्या तुझ्या जबाबात 'कडीचं त्यानं मला काही सांगितलं नाही' असं आहे. मॅडमनी मला वाचून दाखवलं. एकीकडं धरून दिलंस आणि दुसरीकडं वाचवलंस. असं का केलंस? निदान एवढं तरी लिही.

मन्मथ


बिलोली
२ डिसेंबर २०१२

चि. मन्मथ,

तुझी सगळी पत्रं पोचली. तांदळाच्या डब्यात ठेवलेत. तुझ्या दाजीला म्हाईत न्हाई. मला लिहायची सवय न्हाई, चुका होतील.

मी तुला धरून द्यायला फोन केला न्हवता रे. आधी तुमच्या होस्टेलचा नंबर लावला. चारदा लावला, कोणी उचलंना. मग दाजीच्या वळखीच्या हवालदाराला लावला. म्हणलं लातूरला कळवा, नऊ नंबरची खोली उघडा, आत पोरगं पडलंय, जित्तं असंल. त्यांनी विचारलं, तुम्हाला कसं म्हाईत. मग तुझं नाव सांगावं लागलं.

तुला अव्वानं एक गोष्ट कधी सांगितली न्हाई. सांगू दिली पण न्हाई. भूकंपाच्या रात्री तुझ्यामुळं अव्वाला मळमळत होतं, म्हणून ती आंगणात आली. मी तिच्या मागं आले. घर बसलं. अप्पा आत राहिले. सगळ्या गावाला वाटलं ते तेव्हाच गेले. पण ते जित्ते होते. माळवदाची माती आणि दगड त्यांच्या अंगावर, आणि दार मधी अडकलेलं. ते आतून बोलत होते. "सिंधु, हाईस का गं? दार ढकल." मी ढकलत होते. आठ वर्साच्या पोरीच्यानं काय ढकलतंय. अव्वा माणसं बघायला पळाली, तर कोणाच्याच घरी माणूस उभा न्हवता. ऊन वर येईस्तवर ते बोलत होते. मग बोलायचं थांबले.

तू कडी लावली म्हणलास, आन् मला दुसरं काही सुचलंच न्हाई.

पोलिसांनी खोली उघडली तवा नरसिंग जित्ता होता. दवाखान्याच्या दारात गेला. डॉक्टर म्हणले दोन तास आधी आणला असता तर वाचला असता. हे मला हवालदारानं सांगितलं. त्यानंतर जबाब घ्यायला आले, तवा माझी जीभ उचलंना. म्हणलं, पोरगा तर गेला, आता आपला बी कशाला घालवू. म्हणून खोटं बोलले. नंतर कळलं की त्या म्हाताऱ्याला धरलं. तरीबी गप बसले. अव्वाकडं कोणत्या तोंडानं जाऊ. तुझ्याकडं कोणत्या तोंडानं येऊ.

गोळी घेत जा. डॉक्टर म्हणतेत तवर सोडू नको.

तुझी अक्का


१३ जानेवारी २०१३

अक्का,

तुझं पत्र मी मॅडमना वाचायला दिलं. चालेल ना? मला ते एकट्याला पेलवेना. आठ दिवस सुतारशाळेत माझ्या हातून एक फळीही नीट तासून झाली नाही. डॉक्टरांनी गोळी परत दोन केली. म्हणाले, हे मागं जाणं नाही, आतापर्यंत जे दुखत नव्हतं ते दुखायला लागलंय.

आता खरी गोष्ट. या महिन्यात माझा वागणुकीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडं जायचा होता. झोप सुधारली, शाळेत पहिला, मारामारी नाही. मॅडमनी चांगलाच लिहिला होता. तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आधी, कदाचित मार्चमध्येच, मला सोडलं असतं. पण कडीचं सांगितलं की ते राहिलं. वर सध्या पेपरात रोज आमच्यासारख्यांचीच चर्चा आहे, की सतरा वर्षांच्या गुन्हेगाराला पोर का म्हणायचं, फाशी द्या. स्वयंपाकघरातले मामा पेपर लपवतात, पण अरीब आणतोच.

तीन रात्री विचार केला. बाहेर जाऊन मी काय करणार होतो? लातूरला गेलो असतो तर खाजामियाँ कुठंतरी दिसले असते. सलाम केला असता त्यांनी, बहुतेक. त्यांना माझा राग यायचं काही कारणच माहीत नाही.

मी मॅडमना म्हणालो, "मला मंडळासमोर बोलायचंय."

त्यांनी विचारलं, "शिक्षा हवी म्हणून, की म्हाताऱ्यासाठी?"

मी म्हणालो, "दोन्ही असेल."

"दोन्ही असू दे," म्हणाल्या. "पण दुसरं आधी ठेव."

अर्ज गेला आहे. मी तुझं नाव घेणार नाही. तुझ्या जबाबात आहे तेच मी सांगीन, की अक्काला कडीचं काही माहीत नव्हतं. दाजी, सासू, गाव, सगळ्यांत तुला तिथंच दिवस काढायचेत. तू गप्पच राहा. एवढं माझं ऐक.

मन्मथ


१७ मार्च २०१३

अक्का,

तू ऐकलं नाहीस.

गुरुवारी लातूरला मंडळाच्या व्हरांड्यात मला बसवलं होतं. दोन हवालदार, शेजारी मॅडम. जिन्यातून पोपटी लुगडं वर येताना दिसलं, आणि मला आधी वाटलं अव्वाच आली. तू किती वाळलीस गं. गालाची हाडं वर आलीत. एकटीच आली होतीस, हातात पिशवी, पिशवीत तुझे कपडे. ते कपडे बघितले आणि मला कळलं की बिलोलीहून तू कशी निघालीस.

आत मी सांगितलं. मग तू सांगितलंस. "मला म्हाईत होतं. मी खोटं बोलले. कडी ह्यानंच लावली." तू एकही शब्द गिळला नाहीस. मॅजिस्ट्रेट बाईंनी विचारलं, खोटा जबाब दिल्याबद्दल तुमच्यावर कारवाई होऊ शकते, माहीत आहे का? तू म्हणालीस, "हाव." आपल्याला बोलायला पाच मिनिटं दिली, त्यात आपण दोघं रडलोच फक्त. म्हणून हे सगळं आता लिहितोय.

निकाल मॅडमनी काल सांगितला. मला लवकर सोडणार नाहीत. पूर्ण मुदत, म्हणजे अजून दीड वर्ष. आपले दोघांचे जबाब खाजामियाँच्या कोर्टात पाठवलेत. वकील म्हणाले त्यांची सुटका होईल. तुझ्यावर काय होईल ते अजून कळलं नाही. तू अव्वाकडं गेलीस, तिनं तुला दारातूनच आत ओढलं, हे मॅडमनी फोन करून विचारलं तेव्हा कळलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी पोटभर जेवलो.

तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. ते सांगतो.

खाजामियाँ व्हरांड्याच्या टोकाला बसले होते. दाढी पूर्ण पांढरी झालीय. मी समोर जाऊन उभा राहिलो, हवालदारानं जाऊ दिलं. मला वाटलं मारतील. त्यांनी आपला उजवा हात वर केला आणि माझ्यासमोर धरला. म्हणाले, "दीड साल मी ह्या हाताकडं बघून राहिलो, बेटा. मला वाटलं माझ्याच हातानं लागली असंल. मला आठवतच नव्हतं. नमाजला हात उचलायची शरम वाटायची." मी पाया पडायला वाकलो तर पाय मागं घेतले. "माफी अल्लाकडं माग. माझ्याकडं आता न्हाई जमत." आणि नातवाच्या खांद्याचा आधार घेऊन जिना उतरले.

नरसिंगचे वडील शेषेराव तिथंच होते. आत सगळं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. ते उमरीहून पहाटेच्या गाडीनं आले होते, अंगात शाळेचाच खाकी शर्ट. ते उठून माझ्याकडं यायला लागले तसे दोन्ही हवालदार मध्ये आले. ते म्हणाले, "हात न्हाई लावत मी. एकच इचारायचंय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"माझा पोरगा काही बोलला का? पडल्यावर?"

आत मी कडीचं सांगितलं होतं, पाण्याचं सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. 'नाही, काही बोलला नाही' असं म्हणता आलं असतं. त्यांनी ते मानलंही असतं. माझ्या जिभेवर आलंही होतं.

मी म्हणालो, "बोलला. 'मन्मथ, पाणी दे ना' म्हणाला."

"मग?"

"मी दिलं नाही."

खाली रस्त्यावर शिकवणी सुटली होती, सायकलींच्या घंट्या वाजत होत्या, शे-दोनशे पोरं एकदम बोलत चालली होती. त्यांनी कठड्यावरून खाली वाकून त्या पोरांकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं ते रडतायत, पण ते रडत नव्हते.

"त्याची माय रोज इचारती," ते म्हणाले. "शेवटी काय म्हणला असंल, म्हणून. मी सांगतो, झोपीतच गेला, त्याला काही कळलं न्हाई."

त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"आता घरी जाऊन खरं सांगावं लागंल," म्हणाले, आणि स्टँडकडं चालायला लागले.

मन्मथ